पंडिता रमाबाईंची चालती शाळा

आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे, तीत तुम्हीही काही लिहा, असा मैत्रिणींचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु मुलांना घरी काय शिकवावे, आणि त्यांना बरोबर घेऊन चार गावे कशी दाखवावीत, हा विषय मात्र आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. मंडळाच्या बैठकीत सहलीची गोष्ट निघाली की कोणी म्हणते मुलांना देश दाखवावा, कोणी म्हणते आधी खर्चाचे बघा, आणि कोणी म्हणते फिरून काय शिकणार, त्यापेक्षा घरी बसून पाढे पाठ करू द्या. असे बोलणे चालले की मला हटकून पंडिता रमाबाई आठवतात. लहानपणी एक दिवसही शाळेची पायरी न चढलेली ही मुलगी पुढे विदुषी म्हणून जगभर नावाजली गेली. तिची शाळा म्हणजे तिची आई, आणि शाळेचे आवार म्हणजे सारा हिंदुस्थान. त्या शाळेने तिला काय दिले आणि काय दिले नाही, हे दोन्ही समजून घेण्यासारखे आहे. म्हणून त्यांचे चरित्र आज थोडक्यात सांगते.

रमाबाईंची हकीकत त्यांच्या वडिलांपासून सुरू करावी लागते. त्यांचे नाव अनंतशास्त्री डोंगरे. मूळचे कर्नाटकात मंगळूरकडचे राहणारे, जातीने चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याजवळ संस्कृत शिकत होते. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई यांना संस्कृत शिकवीत असत. एका बाईच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांना मोठे नवल वाटले. बायकांना हे येऊ शकते, तर मी माझ्या बायकोला का शिकवू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. घरी परत गेल्यावर त्यांनी तसा प्रयत्न केला, पण घरच्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही, बायकोलाही गोडी लागली नाही, आणि तो बेत तसाच राहिला.

पुढे ती पत्नी वारली. शास्त्रीबोवा यात्रा करीत गोदावरीकाठी पैठणला आले असता तेथे उतरलेल्या एका ब्राह्मण यात्रेकरूने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. शास्त्रीबोवांनी तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. आज आपल्याला हे ऐकवत नाही, पण त्या काळी तशी रीत होती. या मुलीचे नाव लक्ष्मीबाई. शास्त्रीबोवांनी तिला घरी नेऊन संस्कृत शिकविण्यास आरंभ केला, आणि मुलगी हुशार निघाली. मग गावात कुजबूज सुरू झाली. बायकांना देवभाषा शिकविणे हे धर्माविरुद्ध आहे म्हणून तक्रार थेट उडुपीच्या मठापर्यंत गेली. शास्त्रीबोवा डगमगले नाहीत. त्यांनी धर्मग्रंथांतून शोधून शोधून आधार गोळा केले, विद्वानांच्या सभेपुढे ते मांडले आणि आपली बाजू राखली. तरीही लोकांच्या तोंडी लागण्यापेक्षा दूर राहावे म्हणून ते बायकोला घेऊन सह्याद्रीच्या दाट रानात गंगामूळ येथे जाऊन राहिले. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्या जेथे उगम पावतात ते हे ठिकाण. तेथे त्यांनी घर बांधले, शेती केली, दूरदूरचे विद्यार्थी त्यांच्याकडे शिकायला येऊन राहू लागले. त्या रानातल्या घरी २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. कृष्णाबाई ही थोरली बहीण, श्रीनिवास हा भाऊ आणि रमा हे शेंडेफळ.

घर मोठे, येणारेजाणारे पुष्कळ, आणि शास्त्रीबोवांचा हात सढळ. विद्यार्थ्यांना, यात्रेकरूंना जेवू घालता घालता कर्ज वाढले, जमीन गेली, आणि रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाला घर सोडावे लागले. एका माणसाच्या डोक्यावर वेताची पेटी, त्या पेटीत ही तान्ही मुलगी, अशा रीतीने रमाबाईंचा पहिला प्रवास सुरू झाला. त्यानंतर सोळा-सतरा वर्षे या कुटुंबाला कायमचे घर असे राहिलेच नाही. आज या क्षेत्री, उद्या त्या क्षेत्री, जेथे देऊळ तेथे मुक्काम. देवळाच्या ओवरीत, नदीच्या घाटावर किंवा झाडाच्या पारावर बसून पुराण सांगावयाचे. ऐकणाऱ्यांनी पोथीपुढे फळे, फुले, धान्य, पैसा ठेवावा, आणि त्यावर पाचांचा उदरनिर्वाह व्हावा. त्यात भीक मागणे नव्हते. पुराणिकाचा तो व्यवसायच होता.

आता या फिरत्या घरात मुलीचे शिक्षण कसे झाले ते पाहा. वडील वृद्ध झाले होते, त्यांची दृष्टीही मंदावत चालली होती. थोरल्या दोन मुलांना त्यांनी शिकविले, पण धाकटीला शिकविण्याचे काम लक्ष्मीबाईंनी आपल्याकडे घेतले. रमा आठ वर्षांची असताना हा अभ्यास सुरू झाला. बाईमाणसाला दिवसा वेळ कोठला? स्वयंपाक आहे, धुणी आहेत, नवऱ्याची सेवा आहे, नव्या गावी चूल मांडायची आहे. म्हणून लक्ष्मीबाई पहाटे, पाखरे जागी होण्याच्या आधी उठत, निजलेल्या मुलीला मांडीवर घेऊन गोड शब्दांनी जागे करीत, आणि तो निवांत वेळ धड्याला देत. श्लोक त्या म्हणत, मुलगी मागून म्हणे. असे करता करता वयाच्या बारा-तेराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले, व्याकरण आले, कोश पाठ झाला. घरात आईवडील मराठी बोलत, म्हणून मराठी आली. कानडी मुलुखात राहून कानडी आली. पुढे उत्तरेकडे फिरताना हिंदी आणि बंगालमध्ये बंगाली आली. त्यांपैकी एकाही भाषेसाठी शिकवणी ठेवावी लागली नाही. बाजारात, घाटावर, धर्मशाळेत माणसे बोलतात ते कान देऊन ऐकावयाचे, हीच शिकवणी. लहान मुलाचे कान किती तयार असतात, हे आपण खांडबाऱ्याच्या बायका रोज पाहतो. आपल्या अंगणातली मुले घरी एक भाषा बोलतात, आठवड्याच्या बाजारात दुसरी, शाळेत मराठी आणि पाहुण्यांशी गुजराती बोलतात, आणि त्यात आपण काही विशेष करतो आहोत असे त्यांना वाटतही नाही.

आणखी एक गोष्ट शास्त्रीबोवांनी केली. थोरल्या मुलीचे लग्न त्यांनी लहानपणीच करून दिले होते. जावयाला आपल्या घरी ठेवून शिकवावे असा बेत होता, तो फसला आणि मुलीच्या वाट्याला दुःख आले. तेव्हा धाकटीचे लग्न लहान वयात करावयाचे नाही असा त्यांनी निश्चय केला. ज्या काळी आठव्या-नवव्या वर्षी मुली सासरी जात, त्या काळी रमा पंधरा-सोळा वर्षांची होऊनही अविवाहित राहिली आणि शिकत राहिली. लोकांनी नावे ठेवली, ती त्यांनी सोसली. एक मुलगी शिकावी म्हणून आईबापांना किती बोलणी खावी लागली, याचा हिशेब कोणत्याही पोथीत लिहिलेला नसतो.

येथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पुढची ऐकताना जीव कळवळतो.

शास्त्रीबोवा विद्वान होते, प्रेमळ होते, पण व्यवहारी नव्हते. जवळचा पैसा दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपत गेला. पुढच्या मुक्कामी काय खायचे याची तजवीज नव्हती. मुलांना वेदान्त, पुराण, व्याकरण सर्व आले, पण हाताने चार पैसे मिळवावेत असे एकही काम त्यांना शिकविलेले नव्हते. इंग्रजी विद्या नव्हती, धंदा नव्हता, आणि आपण पंडिताच्या घरचे, मोलमजुरी कशी करावी, हा अभिमान मात्र होता. अशात १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने गाठले. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी दाणा नव्हता, मग पोथीपुढे कोण ठेवणार? भांडी विकली, दागिने विकले, कपडे विकले. शेवटी तिरुपतीच्या रानात अकरा दिवस पाचही जणांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध शास्त्रीबोवांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचे ठरविले. त्या वेळी श्रीनिवासाने सांगितले की आता मी अभिमान सोडतो, मिळेल ती मजुरी करतो, पण कोणी जीव द्यावयाचा नाही. पण ही समज यायला फार उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले, त्यांच्यामागून काही आठवड्यांत आई गेली. आईचे प्रेत उचलावयास चार माणसेही मिळेनात. कसेबसे दोघे ब्राह्मण आले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. तिची उंची कमी, त्यामुळे तिरडी खांद्यावर न घेता तिला डोक्यावर घ्यावी लागली, आणि स्मशान तेथून तीन मैल. ज्या आईने पहाटे मांडीवर घेऊन शिकविले, तिला मुलीने अशा रीतीने पोचविले. पुढे थोरली बहीणही गेली.

मग राहिली ती भाऊ-बहीण दोघेच. त्यांनी चालणे सोडले नाही. दक्षिणेतून उत्तरेकडे, पंजाबात, काश्मीरपर्यंत आणि तेथून पूर्वेकडे, असे हजारो मैल ती पायी हिंडली. आगगाड्या देशात सुरू झाल्या होत्या, पण तिकिटाला पैसे कोठले? आपल्या या तापीकाठच्या मुलुखातून तर तेव्हा रूळही गेले नव्हते. कधी भिजविलेले धान्य मिठाबरोबर खाऊन दिवस काढावा, कधी रानातली बोरे. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत निजून अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. या प्रवासात त्यांनी गावोगावच्या बालविधवा पाहिल्या, टाकून दिलेल्या बायका पाहिल्या, देवाच्या दारी होणारी फसवणूकही पाहिली. पुराणात वाचलेले आणि वाटेवर पाहिलेले यांचा मेळ बसेना. रमाबाईंच्या मनात विचार सुरू झाला तो येथे. घरी बसून पोथी वाचणाऱ्या मुलीला हा विचार इतक्या लवकर सुचला असता असे मला वाटत नाही.

१८७८ साली ही दोघे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची एक मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, भागवत तोंडपाठ म्हणते, ही वार्ता शहरभर पसरली. तेथील मोठमोठ्या पंडितांनी सभा भरवून तिची परीक्षा घेतली, आणि प्रसन्न होऊन तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. ज्या विद्येबद्दल आईला दोष लागला होता, त्याच विद्येबद्दल मुलीचा भरसभेत गौरव झाला. पाहावयास आई मात्र नव्हती. त्यानंतर रमाबाई बंगाल-आसामात स्त्रियांच्या शिक्षणावर व्याख्याने देत फिरू लागल्या.

पण सुख फार दिवस टिकले नाही. १८८० च्या मे महिन्यात ढाक्याला भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. नवरा दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या प्रांताचा, त्यामुळे दोघांवरही टीका झाली. ती दोघे आसामकडे सिल्चरला राहत. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने नवरा गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आईबाप, बहीण, भाऊ आणि नवरा, सर्व गेले. हातात एक तान्ही मुलगी राहिली.

दुसरी एखादी खचून गेली असती. रमाबाई मुलीला घेऊन महाराष्ट्रात आल्या. पुण्यास १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे आणि इतर भगिनी तेथे जमू लागल्या. आज गावोगाव आपली महिला मंडळे भरतात, वर्धापनदिन होतात, त्यांची ही एक थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेले हंटर कमिशन पुण्यास आले. त्यांच्यासमोर रमाबाईंनी साक्ष दिली आणि मुलींसाठी बायका शिक्षिका हव्यात, बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली.

आता त्यांच्या पुढच्या प्रवासांकडे लक्ष द्यावे, कारण वडिलांची यात्रा आणि मुलीचा प्रवास यांतला फरक येथे दिसतो. रमाबाईंना इंग्लंडला जाऊन शिकावयाचे होते. जवळ पैसा नव्हता. त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, ते विकले, त्या पैशातून भाड्याची सोय केली, थोडे इंग्रजी शिकून घेतले आणि मग १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बोटीत पाय ठेवला. कोठे उतरायचे, कोणाकडे राहायचे, तेथे काय शिकायचे आणि त्याबद्दल आपण काय शिकवायचे, हे ठरवून त्या गेल्या. वांटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीतही असत.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या गोष्टीवरून त्या काळी महाराष्ट्रात फार मोठे वादळ उठले आणि पुष्कळांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. धर्म ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट आहे. त्यांनी बायकांसाठी जे काम केले त्याचे मोल त्यावरून कमी-जास्त करणे मला योग्य वाटत नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर होणार होत्या. परदेशी जाऊन डॉक्टर होणाऱ्या या पहिल्या मराठी स्त्रीचा पदवीदान समारंभ ११ मार्च १८८६ रोजी होता. त्यासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. चार दिवसांचे जाणे, पण राहिल्या जवळजवळ तीन वर्षे. या तीन वर्षांत त्या आगगाडीने तो अवाढव्य देश एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत हिंडल्या. गावोगाव व्याख्याने दिली. पण नुसती व्याख्याने देऊन त्या परतल्या नाहीत. शाळा पाहिल्या, बालवाड्या पाहिल्या, लहान मुलांना खेळातून कसे शिकवितात ते शिकून घेतले, अनाथालये आणि तुरुंगसुद्धा पाहिले. १८८७ साली हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या नावाने एक मंडळी स्थापन झाली, आणि हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढल्यास दहा वर्षे खर्च देण्याचे तिने कबूल केले. म्हणजे वडील जेथे जात तेथे जवळचे होते ते देऊन रिकाम्या हाताने पुढे निघत, आणि मुलगी जेथे गेली तेथून पुढच्या दहा वर्षांची बेगमी करून परतली. घरी आल्यावर या प्रवासाचे सविस्तर वर्णन त्यांनी मराठीत लिहिले. आपल्या बहिणींना जाता येत नाही, त्यांनी निदान वाचावे, असाच त्यामागचा हेतू दिसतो.

जपानमार्गे १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस उतरल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदा सदन ही शाळा उघडली. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती, पण आनंदीबाई मात्र १८८७ सालीच वारल्या होत्या. शारदा सदनात सुरुवातीला आलेल्या विधवांपैकी एक गोदूबाई. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि महर्षींच्या साऱ्या कार्याला या बायांनी आयुष्यभर हातभार लावला. एका दिव्याने दुसरा दिवा लागतो तो असा. शाळा पुढे पुण्यास गेली. तेथे १८९३ साली, मुलींना ख्रिस्ती वळण लावले जाते असा आरोप होऊन मोठा वाद झाला, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. रमाबाईंनी काम थांबविले नाही.

नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे उपासमारीने मरत होती. ज्या बाईने स्वतः अकरा दिवस पाल्यावर काढले होते, तिला घरी कसे बसवेल? त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतलेली होती, तेथे या सर्वांना ठेवले. हेच मुक्ती सदन. पुढे १९०० साली गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. आपल्या शेजारच्या गुजराती बायका आजही त्याला छपनियो म्हणतात. तेथूनही शेकडो मुली त्यांनी आणविल्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

या दोन हजारांना त्यांनी काय शिकविले, हा या चरित्राचा गाभा आहे. लिहिणे-वाचणे तर शिकविलेच. पण त्याबरोबर विणकाम, शिवणकाम, शेती, गाईम्हशींची निगा, तेलाचा घाणा, पाव भाजणे, धुलाई, छापखाना, ज्या मुलीला जे जमेल ते काम तिच्या हाती दिले. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविली. ती लिपी मनोरमा परदेशातून शिकून आली होती. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून पाने बांधण्यापर्यंतची कामे बायका करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे जे मराठी भाषांतर केले, तेही याच मुलींच्या हातून छापले गेले. लक्ष्मीबाईंनी पहाटे दिलेली विद्या रमाबाईंनी पुढे दिलीच, पण वडिलांच्या घरात जे शिकविले गेले नाही, ज्यावाचून आईबाप डोळ्यांदेखत गेले, ते हातचे काम प्रत्येक मुलीला शिकविल्याशिवाय त्यांनी सोडले नाही. आपल्या घरात जे उणे होते ते त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींच्या बाबतीत भरून काढले.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. जिला कडेवर घेऊन त्या देशोदेशी हिंडल्या, ती मनोरमा मोठी होऊन आईच्या कामात उजवा हात झाली होती. २४ जुलै १९२१ रोजी तीही गेली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. त्यांची संस्था आजही तेथे चालू आहे. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

भगिनींनो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? आज मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवा असे मी मुळीच म्हणत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळावे असा २००९ चा कायदा आहे आणि शाळा आपल्या दारात आली आहे. लक्ष्मीबाईंच्या वेळी मुलीला शाळा नव्हती म्हणून आई शाळा झाली. पण शाळा आली म्हणून आईचे काम संपले असे नाही. आपल्या भागातली किती तरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. चार-पाच महिने बिऱ्हाड पाठीवर, आणि मुले बरोबर. परत येतात तोवर आलेली अक्षरेही विसरलेली असतात. हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, पोटासाठी कोणाला जावे लागत नाही? पण बिऱ्हाडात तवा-परात बांधताना एक पाटी आणि एक पुस्तक बांधता आले, आणि पहाटे भाकरी थापताना मुलाकडून दहा ओळी म्हणवून घेता आल्या, तर तीही लक्ष्मीबाईंचीच शाळा होईल. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिने मुलाला मोळ्या मोजायला लावाव्यात, आठवड्याच्या खर्चाचा हिशेब तोंडी करायला लावावा. शक्य असेल तेथे मुलाला गावी आजीजवळ ठेवून शाळा चालू ठेवावी, हे तर सर्वांत चांगले. आणि गावी राहणाऱ्या आपण मंडळाच्या भगिनींनी अशा आठ-दहा मुलांचा मागे पडलेला अभ्यास आलटून पालटून घेतला, तर वर्धापनदिन साजरा केल्यासारखे होईल.

सहलीचेही तसेच. मुलांना देश जरूर दाखवावा, पण अनंतशास्त्र्यांसारखे निघू नये, रमाबाईंसारखे निघावे. आधी पैशांचा हिशेब, मुक्कामाची सोय, आणि काय पाहायचे याची यादी. माझ्या मनात एक वाट आहे. आपल्या खांडबारा स्टेशनावरून गाडीने जळगाव, तेथून मनमाड, मनमाडहून दौंड, आणि दौंडच्या पुढे केडगाव. तेथून पुण्यास जाऊन महर्षी कर्व्यांची हिंगण्याची संस्था पाहावी. परतताना सवड असल्यास वाकडी वाट करून पैठणला जावे आणि ज्या गोदाकाठी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंचा हात शास्त्रीबोवांच्या हाती दिला गेला, तो घाट मुलांना दाखवावा. निघण्याआधी प्रत्येक मुलाने नकाशावर ही वाट स्वतः काढावी, वाटेत प्रत्येक स्टेशनाचे नाव वहीत लिहावे, खर्चाची वही मोठ्या मुलींनी ठेवावी, आणि परत आल्यावर जी मुले येऊ शकली नाहीत त्यांना पाहिलेले सांगावे. मुलगा असो की मुलगी, त्यात फरक करू नये.

एवढे लिहून मी लेख पुरा करते. मंडळाच्या सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा, आणि सहलीचा बेत ठरला तर खर्चाची पहिली वर्गणी माझी धरावी.